साडेसातशे घोड्यांचा हिशेब

माझ्याकडे छोट्या शिपायांनी टेबलावर खेळायच्या तीन लढाया अर्धवट पडून होत्या: साल्हेर, असई आणि थाळनेर. पहिली १६७२ ची, दुसरी १८०३ ची, तिसरी १८१८ ची. म्हणजे जवळजवळ दीडशे वर्षांचा इतिहास अमळनेरात माझ्या घरी, माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत आणि चपलांच्या खोक्यांत कोंबलेला. काही शिपाई नुसते धुतलेले, काहींना प्रायमर मारलेलं, काहींचे कोट लाल झालेले पण चेहरे करडेच. एका खोक्यात घोडे रंगवून तयार आणि स्वारांचा पत्ता नाही. यंदा ठरवलं, नवा एकही शिपाई घरात आणायचा नाही. आहेत तेच मार्गी लावायचे.

या छंदाबद्दल मराठीत फारसं कुणी लिहीत नाही, म्हणून थोडं सांगून टाकतो. खरी झालेली लढाई टेबलावर मांडायची. नदी, टेकडी, गाव प्रमाणात करायचं. दोन्ही सैन्यांचे छोटे शिपाई रंगवायचे. मग फूटपट्टी, फासे आणि नियमांचं पुस्तक घेऊन दोघांनी खेळायचं: पलटण एका चालीत किती इंच सरकेल, तोफेचा पल्ला किती, मार बसल्यावर फळी टिकेल की फुटेल. दिवाळीच्या किल्ल्यावर आपण मावळे मांडतो, त्याचंच हे मोठेपणीचं, वहीत हिशेब ठेवणारं रूप. याला पोरखेळ म्हणणाऱ्यांना मी एवढंच सांगतो की प्रशियाच्या लष्कराने १८२४ मध्ये राइसविट्झ नावाच्या एका लेफ्टनंटचा असाच खेळ अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी स्वीकारला होता. आईला मात्र प्रशियाचं काही सोयरसुतक नाही. ती पेटीत डोकावते आणि विचारते, "हाई काय शे रे भो? इतला बारीक माणसे कसाले रंगावस?"

कसाले, ते मलाही नीट सांगता येत नाही.

ढीग साचण्याचं कारण सोपं आहे. पूर्वी धातूचे शिपाई इंग्लंडहून मागवावे लागत. कुरिअर आणि कस्टम धरून एका पलटणीची किंमत ऐकली की आपोआप हात आखडायचा. रेझिनची थ्रीडी छपाई आली आणि तो अडसरच गेला. फाइल विकत घ्यायची, पुण्यातल्या एका छपाईवाल्याला पाठवायची, आठवड्यात डबा घरपोच. छापणं स्वस्त झालं, पण रंगवायला हात तेच दोन. त्यात माझं ठिबकचं दुकान. मार्चपासून जूनपर्यंत केळीवाले आणि पूर्वहंगामी कापूसवाले शेतकरी उभ्या उभ्या श्वास घेऊ देत नाहीत. आषाढ लागला की जरा उसंत मिळते. तेव्हा बेत असा होता की उन्हाळ्यात सकाळी दुकान उघडण्याआधी साफसफाई आणि प्रायमर, पावसाळ्यात रंग आणि दसऱ्याच्या आसपास वार्निश.

पण ब्रश हातात घेण्याआधी मी वही घेतली. या सगळ्या प्रकरणात सर्वांत उपयोगी पडली ती ही वही.

असईसाठी मी १५ मिलिमीटरचे शिपाई घेतले आहेत. म्हणजे माणूस साधारण तेवढ्या उंचीचा, खऱ्याच्या शंभराव्या हिश्श्याइतका. एक शिपाई म्हणजे चाळीस माणसं असं प्रमाण धरलं. दौलतराव शिंद्यांची कवायती फौज, म्हणजे पोलमन, बेगम समरू आणि ड्यूपॉन्ट यांचे कंपू (मोठ्या तुकड्या), मिळून सुमारे १०,८०० पायदळ. भागिले चाळीस, २७० शिपाई. समोर इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीकडे प्रत्यक्ष फळीत लढलेले सुमारे साडेचार हजार, म्हणजे ११२. इथवर ठीक. आता शिंदे आणि नागपूरकर भोसल्यांचं घोडदळ: तीस ते चाळीस हजार. कमीत कमी आकडा धरला तरी साडेसातशे घोडे, साडेसातशे स्वार आणि तेवढेच भाले.

गाडं रुतलं होतं ते नेमकं इथे. कपाट उघडलं की समोर घोडेच. घोडा रंगवायला पायदळाच्या शिपायाच्या तिप्पट वेळ लागतो: अंग, आयाळ, खोगीर, लगाम, वर स्वार. वीसेक घोडे झाले की मन विटतं, पेटी पुन्हा माळ्यावर जाते आणि सोबत पायदळही जातं.

म्हणून लढाई पुन्हा वाचली. यावेळी लढाईची गोष्ट बाजूला ठेवली आणि एकच प्रश्न धरला: मैदानात कोणी काय केलं? २३ सप्टेंबर १८०३ रोजी त्या अवाढव्य घोडदळाने जवळजवळ काहीच केलं नाही. ते पश्चिमेकडे उभं राहिलं आणि बहुतांशी उभंच राहिलं. असई गावापाशी इंग्रजांच्या ७४ व्या हायलँडर पलटणीची चाळण झाली तेव्हा मराठा घोडदळाची एक झड तिच्यावर आली, आणि तीही इंग्रज घोडदळाने परतवली. लढाई लढली ती कवायती पायदळाने आणि त्याहून जास्त तोफखान्याने. मग जे घोडे मैदानात नुसते उभे होते ते माझ्या टेबलावर कशाला हवेत? त्यांच्यासाठी टेबलाची पश्चिम कड पुरे. झड घालणारे चाळीसेक स्वार मात्र हवेत.

चाळीस स्वार! आणि ते साल्हेरच्या खोक्यात अर्धे तयारच होते. साल्हेरला मोरोपंत पिंगळे आणि प्रतापराव गुजरांनी मोगलांना उघड्या मैदानात हरवलं, त्या लढाईत घोडदळाशिवाय पान हलत नाही. पण १६७२ चा स्वार आणि १८०३ चा स्वार १५ मिलिमीटरमध्ये हातभर अंतरावरून सारखेच दिसतात: पागोटं, अंगरखा, भाला, पाठीला ढाल. जाणकार नाक मुरडतील. मुरडू देत. साल्हेरची लढाई मी सरळ रद्द केली, तिचे चांगले घोडे असईला दिले आणि उरलेला ऐवज नाशिकच्या एका कॉलेजकुमाराला देऊन टाकला. त्याचे डोळे अजून तरुण आहेत.

एवढं झाल्यावर कामाचा डोंगर जेमतेम टेकडीएवढा राहिला.

साफसफाईबद्दल फार सांगण्यासारखं नाही. रेझिनच्या शिपायाला छपाईच्या आधारकाड्यांच्या खुणा राहतात, त्या ब्लेडने आणि बारीक पॉलिशपेपरने काढायच्या. पॉलिशपेपर ओला करून घासायचा आणि नाकाला मास्क लावायचा, रेझिनची भुकटी छातीत जायला नको. भाल्यांचं मात्र वेगळं आहे. छापलेला रेझिनचा भाला हात लागला की मोडतो. मराठ्यांचा भाला लांब, बांबूचा. या मापात चार-साडेचार सेंटिमीटर तरी हवा. मी छापील भाले सगळे कापले, मुठीत ड्रिलने भोक पाडलं आणि प्लॅस्टिकच्या झाडूचे केस कापून फेविक्विकने बसवले. ते वाकतात पण मोडत नाहीत. टोकाला कात्रीने तिरका काप दिला की पातं झालं.

धरायला मूठ लागते, कारण एवढासा शिपाई बोटात धरून रंगवला की बोटाचा घाम आणि तेल रंगाला लागतं. या बाबतीत आमच्या धंद्याची चंगळ. १६ एमएमच्या लॅटरलचे, म्हणजे ठिबकच्या नळीचे, बोटभर तुकडे कापले, एका तोंडाला एंड प्लग ठोकला, त्यावर दुतर्फा चिकटणाऱ्या टेपचा तुकडा, त्यावर शिपाई. दुकानात अशा कातरणांची वाण नाही. पलटणीची पलटण थर्माकोलमध्ये खोचून ठेवता येते. गिऱ्हाईक आलं की काउंटरखाली सरकवायची.

प्रायमरला खानदेशचा उन्हाळा जाच करतो. एप्रिलमध्ये पारा ४४-४५ वर गेला की स्प्रेमधून निघालेले थेंब शिपायापर्यंत पोचायच्या आत हवेतच अर्धे सुकतात आणि अंगावर बारीक रवाळ थर बसतो. त्यावर रंग चढवला की चेहऱ्यावर देवीचे व्रण असावेत तसं दिसतं. त्यामुळे गच्चीवर पहाटे, ऊन चढायच्या आत, डबा सावलीत ठेवलेला, आणि वीतभरापेक्षा जवळून, हात हलता ठेवून मारायचं. आधी सगळा काळा थर, मग वरून तिरका पांढरा फवारा. म्हणजे फेट्यावर, खांद्यावर उजेड आणि काखेत, कोटाच्या घड्यांत अंधार आपोआप राहतो. नंतर पातळ रंग दिला की छटा फुकटात मिळतात. फळीतल्या शिपायांसाठी एवढं पुरे. एकेकाच्या डोळ्यात बुबुळ काढत बसणारे लोक मला ठाऊक आहेत. त्यांच्या लढाया कधी टेबलावर येत नाहीत.

अ‍ॅक्रिलिक रंगाचंही तेच दुखणं. कूलरचा झोत टेबलावर आला की प्लेटमधला रंग दोन मिनिटांत साय धरतो आणि ब्रशच्या टोकाला गोळी होते. कूलर बंद करावा तर आपणच वितळतो. उपाय म्हणजे ओली पॅलेट: पसरट डब्यात ओला स्पंज, त्यावर बटरपेपर, त्यावर रंग. खालून ओल मिळत राहते. झाकण लावलं तर रंग दुसऱ्या दिवशीही चालतो. बिबड्यांचा एक रिकामा डबा मी याच कामाला लावला आहे, आणि तो परत द्या असं घरातून अधूनमधून ऐकू येतं.

रंगवण्याची रीत अशी: एका वेळी चोवीस शिपाई आणि एका वेळी एकच रंग. चोवीस कोट लाल. चोवीस चेहरे. चोवीस पट्टे पांढरे. आतून बाहेर जायचं, म्हणजे आधी कातडी, मग कपडे, मग पट्टे आणि बंदूक, म्हणजे ब्रश चुकून लागला तरी पुढचा रंग झाकून घेतो. एक शिपाई पूर्ण करून बघायचा मोह होतो, तो टाळायचा. शेवटी तपकिरी रंगाचा पातळ वॉश, तो खाचांत उतरला की मग कडांवर फिकट रंगाची एक-एक रेघ. रोज रात्री जेवणानंतर तासभर, टीव्ही चालू, डोक्याला भिंगाचा पट्टा. चाळिशी लागलेल्या माणसाने तो पट्टा घेण्यात लाजू नये.

चेहऱ्यांवर मी जरा जास्त वेळ घालवला. बाजारात 'फ्लेश' म्हणून जे रंग मिळतात ते बहुतेक गुलाबी, गोऱ्या कातडीचे. असईच्या मैदानात गोरे होते मूठभर. इंग्रजांकडूनही बहुतेक मद्रासचे शिपाईच लढत होते. म्हणून माझे तीन मिश्र रंग तयार करून बाटल्या भरल्या. बर्न्ट अंबर आणि येलो ऑकर निम्मेनिम्मे, त्यात लालाचा ठिपका, हा एक. ऑकर थोडा वाढवला की दुसरा. अंबर वाढवून निळ्याचं किंचित बोट लावलं की तिसरा, मद्रासच्या पलटणींसाठी. एकाच पलटणीत तिन्ही मिसळून वापरले की रांग जिवंत वाटते. दुकानातल्या पोऱ्याने बघून लगेच म्हटलं, "भाऊ, हा तर आपल्यासारखाच दिसतो." इतर कुणाची दाद मी इतकी मनावर घेतली नसेल.

गणवेशांची खरी पंचाईत वेगळीच होती. महादजी शिंद्यांनी द बॉयन्यच्या हाताखाली जी कवायती पलटणं उभी केली ती युरोपी पद्धतीची: तिथलीच कवायत, संगीन लावलेल्या बंदुका, ओळीत उभं राहून बार. समोर कंपनीच्या पलटणी, त्यांचीही तीच कवायत. टेबलावर चार फुटांवरून कोण कोणाचा ते कळलं पाहिजे. मी शिंद्यांच्या तेलंग्यांना, म्हणजे कवायती शिपायांना, निळे फेटे दिले आणि मद्रासच्या शिपायांना पांढऱ्या आखूड चड्ड्या ठेवल्या. फरक करतात ते फेटेच. वरून बघताना कोटापेक्षा आधी दिसतात.

आणि तोफा. माझ्या मते असई म्हणजे तोफखाना. शिंद्यांचे गोलंदाज इंग्रजांच्या संगिनी अंगावर आल्या तरी तोफ सोडून हलत नव्हते. इंग्रजांच्या बैलजोड्या आणि गोलंदाज सुरुवातीलाच इतके पडले की वेलस्लीला आपल्या तोफा मागे टाकून पायदळ पुढे न्यावं लागलं. पहिली फळी फुटल्यावर इंग्रज पुढे गेले, तर पडलेले गोलंदाज उठले. काही जण मेल्याचं सोंग घेऊन तोफेखाली पडून होते. त्यांनी तोफा फिरवल्या आणि पाठीमागून इंग्रजांवरच बार काढले. त्या परत घेण्यासाठी वेलस्लीला पलटण माघारी वळवावी लागली. दिवस संपला तेव्हा इंग्रजांच्या हाती ९८ तोफा लागल्या, आणि त्यांचे ४२८ ठार, ११३८ जखमी. पुढे वॉटर्लू जिंकलेल्या याच वेलस्लीला म्हातारपणी विचारलं की लढाईतलं तुमचं सर्वांत उत्तम काम कोणतं, तर त्याने असईचं नाव घेतलं.

दहा खऱ्या तोफांमागे एक, अशा माझ्या दहा तोफा. नळीला आधी गडद तपकिरी, त्यावर पितळी रंग कोरड्या ब्रशने, खाचांत पुन्हा तपकिरी, आणि तोंडाशी काळ्या पावडरचा बोटाने घासलेला डाग. गाडा आणि चाकं काळपट लाकडी. प्रत्येक तोफेला तीन गोलंदाज, पण ते तोफेच्या तळाला चिकटवलेले नाहीत. वेगळ्या छोट्या तळावर आहेत. एक आडवा पडलेला, दोन उभे. कारण नियमांचं पुस्तक इंग्लंडमधलं. त्यात तोफखाना शत्रूने घेतला की टेबलावरून उचलायचा. असईत हे चालणार नाही. आम्ही नियम बदलला: घेतलेल्या तोफेजवळ शत्रूची पलटण उभी असेल तोवर ती गप्प. पलटण पुढे सरकली की फासा टाकायचा, पाच किंवा सहा पडला की आडवा गोलंदाज काढून उभा ठेवायचा आणि तोफ मागून चालू. या एका नियमाने सगळा खेळ पालटतो. इंग्रज खेळणाऱ्याला सारखं मागे वळून बघावं लागतं.

इंग्रजांच्या तोफा ओढणारे बैल रंगवत होतो तेव्हा आई पहिल्यांदा स्वतःहून जवळ बसली. पोळ्याच्या आधीचे दिवस होते. तिने चष्मा लावून एकेक बैल उचलून पाहिला आणि शिंगं रंगवली नाहीत म्हणून मला चांगलंच झापलं. मग हिंगुळाचा लाल रंग शिंगांना दिला. कंपनीच्या बैलांची शिंगं १८०३ मध्ये रंगवलेली होती की नाही याच्याशी आमच्या घराला देणंघेणं नाही.

मैदान पाहिल्याशिवाय टेबल करायचं नाही हा माझा नियम, आणि असई काही लांब नाही. जळगाव, पहूर, फर्दापूर, मग अजिंठ्याचा घाट चढून वर गेलं की भोकरदनचा मुलूख. हाच घाट महत्त्वाचा. लढाईनंतर इंग्रजांनी आपले जखमी अजिंठा गावच्या गढीत ठेवले. कर्नल स्टीव्हन्सनची दुसरी फौज त्यानंतर खानदेशात उतरली आणि ऑक्टोबरमध्ये तिने बऱ्हाणपूर आणि असीरगड घेतला. म्हणजे असईची लढाई वर झाली आणि तिचा निकाल खाली आमच्याकडे उतरला. हे मला शाळेत कुणी सांगितलं नव्हतं.

केळणा आणि जुई या दोन नद्यांच्या मधली जमिनीची जीभ, ती मैदान. शिंद्यांची फळी केळणेच्या काठाने दक्षिणेकडे तोंड करून. समोरून नदी ओलांडणं अवघड. वेलस्लीला वाटाड्ये सांगत होते की पुढे उतार नाही. त्याने दोन काठांवर समोरासमोर दोन गावं पाहिली आणि ताडलं की मग मध्ये उतार असणारच. खेड्यात वाढलेल्या कुणालाही हे कळलं असतं. तो पूर्वेकडून उतरला. तेव्हा पोलमनने, हा मूळचा हॅनोव्हरचा आणि कंपनीचा जुना सार्जंट, सगळी फळी काटकोनात फिरवून पूर्वेकडे तोंड केलं, डावी बाजू असई गावाला टेकवून. दहा हजार माणसं आणि शंभर तोफा, शत्रू समोर असताना! कवायत किती पक्की असेल ते तिथे उभं राहिल्यावर कळतं. जमीन सपाट दिसते पण घळी आणि नाले आहेत, पाऊल टाकल्याशिवाय कळत नाहीत. सप्टेंबरात ज्वारी उभी, माती काळी, ओली आणि बुटाला दोन किलो चिकटणारी.

म्हणून माझं टेबल हिरवं नाही, काळं आहे. परदेशी लोक जो गवताळ हिरवा गालिचा वापरतात तो इथे शोभत नाही. खाली वापरला आहे वाढदिवसाचा फ्लेक्स. गावात दर महिन्याला कुणाचा तरी वाढदिवस असतो आणि फ्लेक्स उतरवल्यावर कुणी विचारत नाही. मागची बाजू पॉलिशपेपरने खरवडली, त्यावर खिडक्यांचं अ‍ॅक्रिलिक सीलंट, तपकिरी रंग आणि चाळलेली माती कालवून पसरली. सुकल्यावर काळा, मग राखाडी कोरड्या ब्रशने. सीलंट लवचिक असतं, गुंडाळलं तरी तडकत नाही. नद्या खोलगट ठेवून त्यांत गढूळ रंग आणि वर ग्लॉस वार्निशचे थर. ज्वारीचं शेत म्हणजे पायपुसण्याचे कापलेले तुकडे. शिपायांच्या तळांनाही तीच माती, वर उकळून वाळवलेली चहापत्ती. आणि तोफेचा धूर? कापूस. आमच्याकडे त्याची काय कमी? सरकी काढलेला पुंजका हाताने विंचरून विरळ केला, बुडाशी किंचित करडा रंग लावला की तोफेच्या तोंडाशी ठेवायचा. कोणी बार काढला तेही लक्षात राहतं. फ्लेक्सच्या पुढच्या बाजूला अजून एक नेते हात जोडून हसत आहेत, टेबलाखाली वाकलं की दिसतात.

वार्निशला घाई करून चालत नाही. दमट हवेत मॅट स्प्रे मारला तर पांढरट धुकं धरतं आणि महिन्याची मेहनत दुधात बुडवल्यासारखी होते. त्यामुळे श्रावण-भादव्यात मी ब्रशने लावायचं वार्निश वापरलं आणि स्प्रे ऑक्टोबरच्या कोरड्या उन्हासाठी राखून ठेवला. पोलमनचा कंपू सगळ्यात आधी झाला, बेगम समरूचा सगळ्यात शेवटी.

खेळायला धुळ्याचा मित्र आला. तो राजवाडे संशोधन मंडळात जुनी पुस्तकं वाचत बसणारा माणूस, त्यामुळे आधी तासभर माझ्या फेट्यांच्या रंगावर वाद. मग शेवभाजी. मग लढाई. त्याने इंग्रज घेतले, मी शिंदे. वेलस्लीच्या उजव्या बाजूची आघाडीची तुकडी खऱ्या लढाईत भरकटून थेट असई गावाच्या तोफांवर गेली होती आणि तिच्या मागे ७४ वी पलटण. आम्ही त्यासाठी फासा ठेवला होता आणि त्याच्या नशिबाने एक पडला. ७४ वी इथेही कापली गेली. पण त्याने घोडदळ मधोमध घातलं, माझा ड्यूपॉन्ट जुईकडे ढकलला आणि मला वाचवलं ते दोन उठलेल्या गोलंदाजांनी. रात्री बाराला लाइट गेली तेव्हा हिशेब माझ्या बाजूने किंचित झुकला होता, असं मी म्हणतो. तो बरोबरी म्हणतो. पश्चिम कडेवरचं घोडदळ, म्हणजे तिथे चिकटवलेली कागदाची एक पट्टी, सबंध लढाईत जागची हलली नाही.

आता थाळनेर. हे २८ मिलिमीटरमध्ये आहे, शिपाई मोठे आणि मोजके, कारण ही गल्लीतली झटापट. तापीच्या काठावर, शिरपूर तालुक्यात, फारुकी सुलतानांच्या कबरी असलेलं हे गाव. मंदसोरच्या तहाने होळकरांनी खानदेश सोडला. २७ फेब्रुवारी १८१८ ला सर थॉमस हिस्लॉप किल्ला ताब्यात घ्यायला आला. एकामागून एक पाच दरवाजे. किल्लेदार तुळशीराम मामा बाहेर येऊन स्वाधीन झाला होता. शेवटच्या दरवाजाशी आतल्या अरब शिबंदीशी बोलणी चालू असताना झटापट झाली, दोन इंग्रज अधिकारी पडले, आणि मग आतली सुमारे तीनशे माणसं कापली गेली. किल्लेदाराला फाशी दिलं. इंग्लंडातही या फाशीवरून बरीच टीका झाली.

त्याचा खेळ कुठे थांबवायचा यावर मी बराच घुटमळलो. आता ठरलंय: शेवटच्या दरवाजाच्या दिंडीशी खेळ संपतो. त्यापुढचं टेबलावर येणार नाही, त्यात फाशाचं काही कामच नाही. उलट बोलणीच खेळात आणायची आहेत. दर चालीला दोघांनी गुपचूप चिठ्ठी लिहायची, आत सोडायचं की नाही, आणि एकमेकांची भाषा कळत नसल्याने चिठ्ठीतला एक शब्द फाशाने खोडायचा. धुळ्याच्या मित्राला ही कल्पना पसंत नाही. त्याला दरवाजावर तोफ हवी आहे.

पाचपैकी तीन दरवाजे पुठ्ठा आणि थर्माकोलचे उभे आहेत. थर्माकोलवर स्प्रे मारला तर तो विरघळतो, म्हणून आधी फेविकॉल आणि रंगाचा हाताने लेप. अरबांच्या तोड्याच्या बंदुका झाल्या, जंबिये बाकी आहेत. केळीच्या कांदेबागेच्या लागवडीची गर्दी ओसरली की चौथा दरवाजा घेतो.